जॅम पातळ राहतो नाहीतर दगड होतो : गॅस नेमका बंद कधी करायचा?

रानवारा

गेली सात-आठ वर्षं मी जॅम घरीच करतेय. सुरुवातीचे तीन-चार घाणे मात्र पार बिघडले होते. पहिला सरबतासारखा पातळ, म्हणून दुसऱ्या वेळी आटवत बसले तर दुसऱ्या दिवशी बरणीत चमचा शिरेना, आणि चवीला स्ट्रॉबेरी कमी आणि करपलेली साखर जास्त. चूक कुठे होत होती ते कळायला मला बराच वेळ लागला, ते इथे सविस्तर लिहितेय, कारण हाच गोंधळ मी अजून बऱ्याच जणींच्या बोलण्यात ऐकते.

मी तार बघत होते. साखरेचा पाक करताना बोटात धरून तार बघायची सवय असते ना, तीच सवय जॅमला लावली. पण जॅम म्हणजे नुसता पाक नाही, तो थंड झाल्यावर आळतो. गॅसवर असताना चांगला जमलेला जॅमसुद्धा पातळच दिसतो, पळीतून सहज ओघळतो. गॅसवरच तो दाट दिसेपर्यंत थांबलात तर थंड झाल्यावर त्याची वडी होणार हे नक्की. म्हणजे जो आपल्याला "अजून जरासा हवा" वाटतो, तोच बहुतेक वेळा तयार असतो.

आता माझी पद्धत, स्ट्रॉबेरीची. देठं काढून, धुऊन, पुसून १ किलो फळ. ७०० ग्रॅम साखर. ३ टेबलस्पून लिंबाचा रस. फार पिकून मऊ पडलेली फळं घेऊ नका, उलट चार-पाच थोडी कच्चट असलेली मुद्दाम घ्या, आळायला मदत होते. फळं अर्धी चिरायची, साखर आणि लिंबू घालून हलक्या हाताने वरखाली करायची आणि झाकून रात्रभर फ्रीजमधे. सकाळी बघाल तर फळं स्वतःच्याच लालभडक रसात तरंगत असतात, एक थेंब पाणी घालायला लागत नाही. आणि या रात्रभर मुरण्याने फळाचे तुकडे शिजताना अख्खे राहतात, लगदा होत नाही.

पातेलं रुंद आणि जाड बुडाचं घ्या, स्टीलचं. ॲल्युमिनियम नको, आंबट असल्यामुळे कळकतं. उंच डब्यासारखं पातेलं घेतलंत तर वाफ निघायला जागा नसते, मग अर्धा तास जास्त उकळावं लागतं आणि रंग काळपट होतो. पातेलं निम्म्यापेक्षा कमी भरलेलं असावं, कारण उकळी आली की जॅम दुपटीने वर चढतो. आधी मंद आचेवर साखर पूर्ण विरघळू द्या, पातेल्याच्या कडेला चिकटलेले दाणे ओल्या ब्रशने किंवा रबरी चमच्याने खाली ढकला. साखर विरघळली की आच मोठी. हो, मोठी. जॅमला मंद आचेवर तासभर शिजवायचं नसतं, भरभर पाणी उडवून टाकायचं असतं.

यानंतर पातेल्यासमोरून हलू नका. आधी गुलाबी फेस येतो, बारीक बुडबुडे, सगळं वर येऊ बघतं. आवाज भरभर, पाण्यासारखा हलका. साधारण दहा-बारा मिनिटांनी फेस आपोआप खाली बसायला लागतो, बुडबुडे मोठे आणि चकचकीत होतात, आणि आवाज बदलतो, जड होतो, फट् फट् असा. हा आवाज बदलला की मी पहिली बशी काढते.

बशीचं असं, की जॅम चढवायच्या आधीच दोन-तीन छोट्या बश्या फ्रीझरमधे ठेवायच्या. गॅस बंद करायचा (हे विसरू नका, बशी थंड होईपर्यंत खाली जॅम उकळतच राहिला तर काय उपयोग), अर्धा चमचा जॅम बशीवर घालायचा, बशी परत मिनिटभर फ्रीझरमधे. मग बोटाने जॅम हळूच पुढे ढकलायचा. वरच्या पातळ सायीवर सुरकुत्या पडल्या आणि बोटाने पाडलेली वाट मोकळी राहिली, की झालं. वाट लगेच भरून आली तर अजून दोन-तीन मिनिटं उकळा आणि दुसरी बशी घ्या.

झालं की फेस काढून टाका, दहा मिनिटं तसाच राहू द्या, मग एकदा ढवळून गरम बरण्यांमधे भरा. ही दहा मिनिटं नाही दिलीत तर फळाचे तुकडे बरणीत वर जाऊन बसतात आणि खाली नुसती जेली.

तुमचे अनुभव लिहा, विशेषतः बिघडलेले.

किलबिल

किती नेमकं लिहिलंय!! मी आत्तापर्यंत दोनदा केला आणि दोन्ही वेळा पातळ, शेवटी दुधात घालून संपवला. दोन शंका आहेत. एक, जॅम आळायला मिळते ती पेक्टिनची पावडर घालावीच लागते का? आणि दोन, सगळ्या फळांना हेच प्रमाण चालतं का? माझ्याकडे सफरचंदं पण भरपूर आहेत.

रानवारा

@किलबिल, पावडर घालायलाच हवी असं अजिबात नाही. पेक्टिन मुळात फळातच असतं, पेशींच्या भिंतीत. १८२५ मधे ब्राकोनो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते वेगळं काढलं, आणि नाव ज्या ग्रीक शब्दावरून दिलं त्याचा अर्थच गोठलेलं, आळलेलं असा आहे. फक्त सगळ्या फळांत ते सारखं नसतं. सफरचंद, पेरू, आंबट प्लम, संत्र्या-लिंबाची सालं आणि बिया यांच्यात भरपूर. स्ट्रॉबेरी, पीच, चेरी, नासपती, अननस यांच्यात कमी. फळ जास्त पिकलं की त्यातलं पेक्टिन तुटत जातं, म्हणून ती थोडी कच्चट फळं.

सफरचंदं आहेत म्हणताय तर फारच छान. स्ट्रॉबेरीच्या १ किलोत एक आंबटसर सफरचंद सालासकट किसून टाका. त्याचा गाभा आणि लिंबाच्या बिया मलमलच्या फडक्यात बांधून तीही पुरचुंडी पातेल्यात सोडा, शेवटी चांगली पिळून काढून टाका. किसलेलं सफरचंद शिजून जातं, जॅममधे दिसतही नाही.

नुसत्या सफरचंदाचा करायचा तर साखर ६०० ग्रॅम पुरते, पण आधी थोडं पाणी घालून सफरचंद मऊ शिजवून घ्या, साखर नंतर.

दवबिंदू

७०० ग्रॅम म्हणजे फारच साखर होते हो. आमच्याकडे घरात मधुमेह आहे त्यामुळे मी सरळ निम्मी करते, ३०० च्या आसपास. गोडी पुरेशी होते की. साखर कमी केली तर बिघडतं काय नेमकं, चवीपुरतीच तर असते ना ती?

निळीशाई

@दवबिंदू नाही, जॅममधे साखर फक्त चवीपुरती नसते, तिथे ती दोन कामं करते. पेक्टिनच्या साखळ्या पाण्यात सुट्या सुट्या फिरत असतात. साखर ते पाणी धरून ठेवते, आणि लिंबाच्या आंबटपणामुळे या साखळ्यांवरचा विद्युतभार कमी होतो, मग त्या एकमेकींना ढकलायच्या थांबतात आणि जवळ येऊन जाळी विणतात. त्या जाळीत रस अडकला की जॅम आळला. पेक्टिन, आंबट, साखर, तिघांपैकी एक कमी पडलं की जाळी होत नाही. नेहमीच्या पद्धतीच्या जॅममधे शेवटी विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे मुख्यतः साखर, ६० ते ६५ टक्के असावे लागतात आणि आंबटपणा पीएच ३ च्या जवळपास.

दुसरं काम टिकवायचं. जंतूंना लागणारं पाणीच साखरेने अडवून धरलेलं असतं. निम्म्या साखरेचा जॅम चुकीचा नाही, पण तो बाहेर टिकणारा पदार्थ नाही. थोडाच करा, फ्रीजमधे ठेवा, तीन आठवड्यांत संपवा, जास्त झाला तर फ्रीझरमधे. आळायलाच हवा असेल तर कमी साखरेचं वेगळं पेक्टिन मिळतं, ते साखरेऐवजी कॅल्शियमवर आळतं. पाकीट घेताना ते नीट वाचून घ्या, दोन्ही पावडरी दिसायला सारख्याच. आणि मधुमेहासाठी म्हणाल तर फळाची स्वतःची साखर त्यात असतेच, निम्मी साखर म्हणजे बिनसाखरेचा नव्हे, तेव्हा प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठेवा.

आता मी काय करतो ते सांगतो. मी वजन करतो. रिकामं पातेलं आधी काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवायचं. १ किलो स्ट्रॉबेरीत विरघळणारे घन पदार्थ साधारण ७० ग्रॅम, त्यात ७०० ग्रॅम साखर, झाले ७७०. हे ६५ टक्के व्हायला हवेत म्हणजे एकूण जॅम ७७० भागिले ०.६५, जवळपास ११८५ ग्रॅम. थोडक्यात १ किलो फळ आणि ७०० ग्रॅम साखरेतून १२०० ग्रॅमच्या आसपास जॅम निघायला हवा, बाकीचं अर्धा किलो पाणी उडालं पाहिजे. पातेल्यासकट वजन करून त्यातून रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करायचं, १३००-१३५० असेल तर अजून उकळायचं, १२५० च्या खाली आलं की बशी काढायची. ११०० च्या खाली गेलं तर दगड होण्याकडे वाटचाल. गरम पातेलं काट्यावर ठेवताना खाली लाकडी पाट ठेवा आणि त्याचंही वजन धरा.

दवबिंदू

हे पाणी धरून ठेवण्याचं मला माहीतच नव्हतं. म्हणजे माझ्या बरणीत दर वेळी आठवडाभरात वर पाणी सुटायचं ते यामुळेच असणार. मी फ्रीजबाहेर ठेवत होते, आता नाही ठेवणार.

सांजवेळ

बुरशीबद्दल मला लिहायचंच आहे, कारण आमच्याकडे ते झालंय. गेल्या वर्षी केलेल्या जॅमच्या एका बरणीवर पांढरा ठिपका आला, नखाएवढा. लहानपणापासून बघत आले होते की वरचा थर काढायचा आणि खालचा खायचा, तसंच केलं. नंतर वाचलं तेव्हा वाईट वाटलं, कारण तोच जॅम मुलांना दिला होता. बुरशी वर दिसते तेवढीच नसते, तिचे धागे आत गेलेले असतात आणि काही बुरश्या विषारी द्रव्यं तयार करतात जी नुसती नजरेला दिसत नाहीत आणि पुन्हा उकळून जात नाहीत. त्यामुळे बुरशी आली तर अख्खी बरणी टाकून द्या, जीव कितीही हळहळला तरी.

चूक माझीच होती. बरणी धुऊन फडक्याने पुसली होती, उकळली नव्हती, आणि जॅम कोमट झाल्यावर भरला होता.

आता मी असं करते. काचेच्या बरण्या दहा मिनिटं उकळत्या पाण्यात, भरेपर्यंत तिथेच गरम. जॅम चांगला कडकडीत असतानाच भरायचा, वर अर्धा सेंटिमीटर जागा सोडून, काठाला लागलेला जॅम स्वच्छ ओल्या फडक्याने पुसून लगेच झाकण. महिनोन्महिने ठेवायच्या असतील तर भरलेल्या बरण्या तळाशी फडकं घातलेल्या मोठ्या पातेल्यात, झाकणाच्या वर इंचभर पाणी येईल अशा, दहा मिनिटं उकळायच्या. थंड होताना झाकण टक् करून आत ओढलं जातं, तो आवाज ऐकेपर्यंत मला चैन पडत नाही. झाकणाच्या मधोमध दाबल्यावर खालीवर झालं तर ती बरणी बसलेली नाही, ती फ्रीजमधे ठेवून आधी संपवायची. बरणी उलटी ठेवली की झालं असं बरेच जण सांगतात पण त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

आणि जॅममधे कायम कोरडा, स्वच्छ चमचा. ब्रेडला लावलेला चमचा परत बरणीत नको.

रानवारा

सांजवेळ, मनापासून लिहिलंत, बरं झालं. वरच्यात एकच जोडते. केळं, पपई, अंजीर, पूर्ण पिकलेला आंबा, ही फळं आंबट कमी असतात. त्यांच्यात लिंबू चवीसाठी नसून सुरक्षिततेसाठी असतं, ते कमी करू नका, आणि असे जॅम मी तरी फ्रीजमधेच ठेवते.

पानगळ

मी थर्मामीटर वापरतो, आणि माझे पहिले दोन घाणे थर्मामीटर असूनच दगड झाले! कारण सगळीकडे लिहिलेलं असतं १०५ डिग्रीला बंद करा, आणि मी राहतो उंचावर. इथे पाणीच ९५ ला उकळतं. १०५ गाठेपर्यंत जॅमची पार टॉफी झाली होती. मग लक्षात आलं की १०४-१०५ हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. उंची दर ३०० मीटरला वाढली की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण १ डिग्रीने उतरतो. त्यामुळे सोपं गणित, त्याच थर्मामीटरने आधी नुसतं पाणी उकळून आकडा बघायचा आणि त्यात ४ ते ५ मिळवायचे. माझ्यासाठी ९९-१००. यात थर्मामीटर थोडा चुकीचा दाखवत असेल तरी ती चूक आपोआप निघून जाते. टोक पातेल्याच्या बुडाला टेकवू नका, मधे धरा. बरण्या उकळायची वेळही उंचावर दहा मिनिटांपेक्षा जास्त धरावी लागते.

तरी शेवटी बशी बघतोच. आकडा सांगतो की पाणी पुरेसं उडालं, पण त्या फळात पेक्टिन किती होतं ते बशीच सांगते.

मोरपंखी

+१ बशीला. माझा प्रश्न प्लमचा आहे, सालं चिवट राहतात, दाताखाली रबरासारखी येतात. साखर रात्रभर लावून ठेवली होती वरच्यासारखीच.

रानवारा

तेच कारण मोरपंखी. साखरेत मुरवलं की फळ घट्ट राहतं. स्ट्रॉबेरीला ते हवं असतं कारण ती फार नाजूक, पण जाड सालीच्या फळाला नको. प्लम, सफरचंद, संत्र्याची साल, हे सगळं आधी थोड्या पाण्यात पूर्ण मऊ शिजवायचं, साल दोन बोटांत चिमटली तर फाटली पाहिजे. मगच साखर. एकदा साखर गेली की त्यानंतर साल मऊ होणं जवळपास थांबतंच, कितीही शिजवा.

किलबिल

अजून एक विचारते, रागावू नका. माझ्या एका बरणीत महिन्याभराने खाली साखरेचे खडे जमले होते, ते का?

निळीशाई

@किलबिल रागवायचं काय त्यात. बहुधा उकळी यायच्या आधी साखर पूर्ण विरघळली नव्हती, कडेचा एखादा दाणा राहिला की त्याच्याभोवती बाकीची साखर जमत जाते. किंवा लिंबू कमी पडलं असेल. आंबट रसात उकळताना थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि हे मिश्रण असलं की खडे सहजासहजी धरत नाहीत. किंवा पाणीच जास्त उडालं असेल. असा जॅम खराब नसतो, मंद आचेवर थोडं पाणी घालून विरघळवा आणि लवकर संपवा.

मोरपंखी

आणि पातळ राहिलेला परत उकळला तर चालतो का? दोन बरण्या आहेत तशा.

रानवारा

चालतो, पण आधी दोन दिवस थांबा. काही जॅम आळायला २४ ते ४८ तास घेतात, पहिल्या संध्याकाळी बघून घाबरायला होतं. त्यानंतरही पातळच असेल तर रुंद पातेल्यात काढा, १ टेबलस्पून लिंबाचा रस घाला, मोठ्या आचेवर उकळा आणि दर दोन मिनिटांनी बशी. बरण्या परत उकळून घ्यायच्या, झाकणं नवी. हे एकदाच करा. पुन्हा पुन्हा उकळलं की पेक्टिनच तुटतं आणि मग तो कधीच आळत नाही, नुसता दाट पाक होतो.

आणि दोन किलोचा जॅम एकदम करू नका. घाणा मोठा झाला की उकळायचा वेळ वाढतो, रंग जातो, पेक्टिनही जातं. दोन वेळा एकेक किलो करणं बरं.

किलबिल

केला!! काल रात्री साखर लावून ठेवली, १ किलो स्ट्रॉबेरी, ७०० साखर, लिंबू, एक किसलेलं सफरचंद आणि ती पुरचुंडी. आज सकाळी चढवला. आवाज बदलतो म्हणाला होतात त्यावर माझा फारसा विश्वास नव्हता पण खरंच बदलला, स्वयंपाकघराच्या दारातून कळला मला. पहिली बशी, वाट लगेच भरून आली. दोन मिनिटं उकळून दुसरी, कडेला किंचित सुरकुती, मधे नाही. तिसरीला बोट लावलं आणि सगळी साय गोळा होऊन पुढे सरकली. पातेल्यात मात्र इतका पातळ दिसत होता की हात परत गॅसकडे गेला होता, धाकट्या मुलीने आठवण केली, "आई, बशी झाली ना?" मग नाही लावला.

वजन १२६० भरलं, सफरचंद जास्तीचं होतं त्यामुळे असेल. चार बरण्या झाल्या, उकळून थंड होताना चारही टक् टक् झाल्या. पाचवीत उरलेला अर्धी बरणी होता, तो फ्रीजमधे ठेवला होता, आत्ता संध्याकाळी काढून बरणी तिरकी केली. जॅम हलला नाही, मग अगदी सावकाश एका बाजूला कलला. रंग अजून सकाळच्या रसासारखाच लाल आहे.